चारच्या चहाला युरोप

आमचे मूळपुरुष घोड्यावर बसून बडोद्यात आले, सरकारच्या फौजेत लढले, आणि त्यांच्या सातव्या की आठव्या पिढीने, म्हणजे मी, वीज कंपनीत चौतीस वर्षं लोकांचे मीटर वाचले. नाव मात्र फत्तेसिंहराव मोहिते. फत्ते कसली, तर कुत्र्यांवर. ज्या घरात मीटर जिन्याखाली असतो त्या घरात कुत्रा हमखास असतो, हे ज्ञान मला नोकरीने दिलं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. फतेगंजात तळमजल्यावर फ्लॅट आहे, सकाळी लष्कराच्या लाइनींतून बिगूल ऐकू येतो, आणि घरातली माणसं मला आबासाहेब म्हणतात. एवढ्या ऐश्वर्यात माणसाने गप्प बसावं. पण गेल्या वर्षी मला युरोप शिकावा लागला, तोही परीक्षेसकट.

याला कारण आमची सून, दुर्गा. इतिहास घेऊन बी.ए., मग बी.एड., लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवलेलं. मग मिताली झाली आणि शाळा सुटली. मिताली आता नऊ वर्षांची आहे आणि मलाच शिकवते. गेल्या जूनमध्ये जेवताना दुर्गा म्हणाली, "मी एका वर्षाच्या पदविकेला नाव घातलंय. पाश्चात्त्य संस्कृतीचा इतिहास, साहित्य आणि विचार यांमधून. इथेच, चार गल्ल्या सोडून केंद्र आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी."

आमचा समरजित रसायनांच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्याने वरणातून मान वर केली, "सारुं," म्हणजे बरं, एवढं म्हणाला आणि पुन्हा वरणात घातली. आमच्या मंडळींनी, म्हणजे मृदुलेने, एवढंच विचारलं की त्या तीन दिवशी भाकऱ्या कोण करणार, आणि उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणाली की मी करीन.

मी विचारलं, "हे कशाला?"

"डभोईच्या एका शाळेत वरच्या वर्गांना जगाचा इतिहास सुरू होणार आहे. त्यांना शिकवणारं माणूस हवंय. मुख्याध्यापिकांशी बोलले मी. हा कागद हातात असला की पुढच्या जूनपासून जागा माझी."

"डभोईला? रोज?"

"बस आहे ने, आबासाहेब. तासाभराचा रस्ता."

"बघू," मी म्हणालो.

आमच्या घरात बघू म्हणजे नाही. हे समरजितला ठाऊक आहे, मृदुलेला ठाऊक आहे, मितालीला तर पाळण्यापासून ठाऊक आहे. दुर्गालाही अकरा वर्षांत कळलेलं. तिने ताटातली कोशिंबीर संपवली आणि विषय तिथेच राहिला. का नाही, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगायला मला तरी कुठे माहीत होतं. मला तसं वाटलं, बस. घरातल्या कर्त्या माणसाला वाटलं की झालं, ही आमच्याकडची रीत गॅसच्या शेगडीपेक्षा जुनी आहे.

वर्ग सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात बाईंचा नियम घरी आला. बाई म्हणजे कौमुदीबाई गुप्ते. त्यांचे आजोबा संस्थानाच्या दप्तरात मोठ्या हुद्द्यावर होते, त्यामुळे नियम करणं त्यांच्या रक्तातच. नियम असा: प्रत्येक विद्यार्थ्याने घरातून किंवा शेजारातून एक श्रोता धरायचा. त्याला या विषयातलं काही येत नसलं पाहिजे. आठवड्यात जे शिकलं ते त्याला त्याच्या भाषेत सांगायचं. आणि वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा श्रोत्याची. विद्यार्थ्याने मागच्या बाकावर तोंड मिटून बसायचं. निम्मे गुण या परीक्षेला. जे साध्या माणसाला सांगता येत नाही ते तुम्हाला समजलेलंच नाही, असं बाईंचं म्हणणं.

दुर्गाने घरात नजर फिरवली. समरजित पाळीवरून आला की उभ्या उभ्या झोपतो. मृदुला म्हणाली, मला आपलं भजनी मंडळ पुरे. मितालीचं वय बसत नव्हतं. उरलो मी. विषयातलं काही न येणं या अटीत तर मी पहिल्या नंबराने उत्तीर्ण होतो.

"तुम्हाला फावेल का, आबासाहेब? चारच्या चहाच्या वेळी. अर्धा तास फक्त."

नाही म्हणता आलं असतं. पण जूनमध्येच एकदा बघू म्हणून झालं होतं, आणि सुनेला लागोपाठ दोनदा नाही म्हणणं शोभत नाही. शिवाय मला वाटलं, वर्षभरात डभोई आपोआप विसरली जाईल. मी म्हणालो, "चालेल. पण साखर दीड चमचा."

असा आमच्या घरी चारच्या चहाला युरोप येऊ लागला.

सुरुवात ग्रीकांपासून. दुर्गा सांगते कशी, तर काल शेजारी घडल्यासारखं. हातवारे फार नाहीत, पण मध्येच थांबते आणि आपण विचारेपर्यंत पुढे जात नाही. म्हणाली, अथेन्स गावातले लोक टेकडीच्या उतारावर दिवसभर उन्हात बसून नाटकं बघायचे आणि त्या नाटकांतले राजे ढसाढसा रडायचे.

"आणि राजा हे चालू द्यायचा?"

"तिथे राजा नव्हता, आबासाहेब. गावकरीच मतं टाकून ठरवायचे."

मी कप खाली ठेवला. आमच्या सात पिढ्यांनी ज्याच्या नावाने जेवण केलं तो राजाच नाही, आणि गाव चाललंय. मी म्हटलं, फार दिवस टिकलं नसेल. ती म्हणाली, तुमच्यासारखं म्हणणारे तिथेही होते. हा मान समजायचा की टोमणा, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

मग तो म्हातारा आला, जो बाजारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला प्रश्न विचारायचा. शौर्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय. समोरच्याने उत्तर दिलं की पुढचा प्रश्न. शेवटी समोरच्याला कळायचं की आपल्याला काहीच कळत नाही, आणि तो चिडायचा. गावाने त्या म्हाताऱ्याला विष प्यायला लावलं. मी म्हटलं, बरोबरच केलं. मीटर वाचायला गेलो की असले मला गल्लीत दोन भेटायचे. दुर्गा हसली आणि म्हणाली, "पण आबासाहेब, तुम्ही त्यांना विष दिलं नाही ने?" मी म्हटलं, कंपनी देत नव्हती.

रोमन मला आवडले. रस्ते केले, कायदे केले, पाणी आणलं. मध्ययुग मात्र मी झोपेत काढलं. त्या आठवड्यात श्रावणातले सण होते, मृदुलेने तीन वेळा पुरण घातलं, आणि दुर्गा मठ आणि साधू सांगत असताना माझे डोळे कधी मिटले ते कळलं नाही. एक हजार वर्षं अशी पुरणपोळीत गेली. तिने उठवलं नाही. कपावर बशी झाकून गेली.

दिवाळीत ती आठ दिवस माहेरी गेली. त्याच्या आदल्या दिवशी ती घाईघाईत फ्रान्सच्या राजापर्यंत पोचली होती. वर्गात ते पुढे यायचं होतं, पण मीच हट्ट केला म्हणून तिने तिकडे डोकावून दाखवलं. राजा राजवाड्यातून वेश बदलून पळाला आणि वाटेत ओळखला गेला, इथे सोडून ती रिक्षात बसली. आठ दिवस मी चार वाजता कप घेऊन बसत होतो. मृदुला म्हणाली, फोन करून विचारा ना. सुनेच्या माहेरी फोन करून फ्रान्सच्या राजाचं काय झालं हे विचारणं मला बरं दिसेना. ती परत आली त्या दिवशी पावणेचारलाच मी गॅसवर आधण ठेवलं. तेव्हापासून चहा मीच टाकू लागलो. लोक काय म्हणतील ते म्हणोत, आलं मी तिच्यापेक्षा बरं ठेचतो.

दिवाळीनंतर जर्मनीतला तो संन्यासी आला, ज्याने धर्मगुरूंच्या विरुद्धच्या तक्रारी लिहून जाहीर केल्या. चर्चच्या दारावरच ठोकल्या असं लोक सांगतात. छापखाना नुकता निघालेला, त्यामुळे तो कागद महिनाभरात देशभर पोचला. ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली. कारण आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप माझ्या उशाजवळच्या खिडकीखाली आहे आणि तो पहाटे साडेपाचला सुरू होतो. तीन वर्षं मी चेअरमन गजेंद्रभाईंना तोंडी सांगत होतो. त्या रात्री मी जेवणानंतर बसून अकरा मुद्दे लिहिले, गुजरातीत, म्हणजे सगळ्यांना वाचता यावेत, आणि सकाळी सोसायटीच्या ऑफिसच्या दारावर खळीने चिकटवले. मितालीने त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. छापखान्याची कसर भरून निघाली.

सभा भरायला फेब्रुवारी उजाडला. तोवर चहाला नवे लोक, म्हणजे अठराव्या शतकातले विचारवंत, आले होते. दुर्गा म्हणाली, या लोकांचं म्हणणं होतं की कुणी मोठा माणूस सांगतो एवढ्यावरून काही मानायचं नाही. कारण विचारायचं. कारण पटलं तर मानायचं.

"राजालाही विचारायचं?"

"राजालाही. धर्मगुरूलाही."

"बापालाही?"

तिने चहाचा घोट घेतला. "त्यांनी अपवाद लिहून ठेवलेला नाही, आबासाहेब."

रविवारी अंगणात खुर्च्या मांडल्या. गजेंद्रभाई मधोमध बसले. माझे अकरा मुद्दे वाचले गेले. गजेंद्रभाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "जुओ, हुं चेअरमन छुं. मने लागे छे के साडापांचनो टाइम बराबर छे." म्हणजे त्यांना वाटतं की वेळ बरोबर आहे, संपलं. मी उठून उभा राहिलो. आमच्या मूळपुरुषांच्या अंगात लढाईच्या वेळी जे येत असेल ते माझ्या अंगात आलं. मी मोठ्याने म्हणालो, "गजेंद्रभाई, तमने लागे छे ए कारण नथी. कारण आपो."

गजेंद्रभाईंनी टाकी बघितली, आकाश बघितलं, सेक्रेटरीकडे बघितलं. कारण कुणाकडेच नव्हतं. साडेपाच ही वेळ आधीच्या चेअरमनला वाटली होती आणि तो वारून सहा वर्षं झाली होती. पंप साडेसहावर गेला. चार माणसांनी माझ्या पाठीवर थाप मारली, मी मिशीवरून हात फिरवला आणि घराकडे वळलो. तर स्वयंपाकघराच्या खिडकीत दुर्गा मेथी निवडत उभी. तिने सगळं ऐकलेलं होतं.

"छान बोललात, आबासाहेब," ती म्हणाली.

त्या छानमध्ये टोचणारं काही नव्हतं, हीच तर पंचाईत. टोचलं असतं तर मी उलट टोचलं असतं. ती खरंच खूश झाली होती, मेथीची काडी हातात तशीच राहिली होती. जूनमधलं माझं बघू मला आठवलं. तिला आठवलं असणारच. त्या दिवशीचा चहा मी अंगणात नेऊन प्यालो.

मार्चमध्ये डभोईच्या शाळेचं पत्र आलं. दुर्गाने ते शोकेसवर ठेवलं, लपवलं नाही आणि दाखवलंही नाही. मी ती देवळात गेल्यावर वाचलं. उत्तीर्ण झाल्याचा कागद एक जूनपर्यंत आणून द्यावा, नाहीतर जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली जाईल. पत्र मी होतं तसं ठेवलं. होतं तसं म्हणजे घडी उलटी पडली, हे नंतर लक्षात आलं.

एप्रिलच्या शेवटी परीक्षा लागली. सकाळी फिरायला मी आणि प्रतापसिंहराव कदम बरोबर जातो. प्रतापसिंहराव माझ्याबरोबर कंपनीत होते, आता त्यांच्या दोन्ही सुना नोकरीला जातात आणि ते डब्यातलं गार शाक खातात. त्यांना मी परीक्षेचा सगळा प्रकार सांगितला. ते लारीवरचा, म्हणजे हातगाडीवरचा, चहा हातात घेऊन बराच वेळ हसले.

"म्हणजे किल्ल्याची किल्ली तुमच्याच कमरेला आहे की, फत्तेसिंहराव. तुम्हाला तिने डभोईला जायला नको ना? मग काय, तिथे जाऊन गप्प बसा. वय झालं, आठवत नाही म्हणा. कुणी तुम्हाला दोष देणार नाही. ती नापास, जागा दुसऱ्याला, आणि तुम्हाला चारचा चहा घरीच. साप मरेल आणि लाठीही मोडणार नाही."

मी त्यांना म्हटलं, हे काही बरं नव्हे. पण खोटं कशाला बोलू, घरी येईपर्यंत सगळी वाट मी तेच मनात घोळवत होतो. वाईट दिसणार नव्हतं. भांडण होणार नव्हतं. मला नाही म्हणावंसुद्धा लागणार नव्हतं, बघूही नाही. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला दोन गोष्टी आठवल्या नाहीत, एवढंच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी चारला ती काही सांगायला बसली नाही. पुस्तकांचा गठ्ठा बाजूला होता. तिने चहा ओतला आणि मला दिला.

"उद्या जेवढं येतं तेवढंच सांगा," ती म्हणाली. "येत नसेल तर येत नाही म्हणा. माझ्यासाठी ओढूनताणून काही नको."

"आणि तू नापास झालीस तर?"

"तर झाले," ती म्हणाली आणि माझा रिकामा कप धुवायला घेऊन गेली. तिच्या कपात चहा तसाच होता, तो तिने ओतून दिला.

मला तेव्हा फार वाईट वाटलं. राग आला म्हणा ना, आणि तो कुणाचा हे कळत होतं म्हणून जास्त आला.

दुसऱ्या दिवशी मी दाढी केली, कोट चढवला. एप्रिलच्या उन्हात बडोद्यात कोट घालणारा मी एकटाच असेन. केंद्रात वर्गाबाहेर श्रोत्यांची रांग बसली होती. एकीने आपला रिक्षावाला आणला होता, त्याला रोमन कायदा तोंडपाठ होता आणि तो पुढच्याला समजावून सांगत होता. एकीची जाऊ होती, ती घामेघूम झाली होती. युद्धाच्या आधी छावणी अशीच दिसत असेल.

माझं नाव पुकारलं. आत टेबलामागे कौमुदीबाई आणि बाहेरगावचे परीक्षक, अनिशभाई म्हणून, गोल चेहऱ्याचे, कपाळावर चंदनाचा टिळा. समोर एक खुर्ची. दुर्गा मागच्या बाकावर, हात मांडीत. तिच्याकडे बघायचं नाही, असं बाहेरच सांगितलेलं होतं.

अनिशभाईंनी चिठ्ठी उचलली. "बोलो काका. मध्ययुग."

नशीब म्हणतात ते हेच. हजार वर्षांच्या पुरणपोळीवरच यांचं बोट पडलं. आठवत नाही म्हणायला यापेक्षा चांगली संधी मिळणार नव्हती, आणि ते खरंही होतं. प्रतापसिंहरावांचा हसरा चेहरा माझ्यासमोर उभा राहिला.

मी म्हणालो, "मध्ययुगात मी झोपलो होतो साहेब. चूक सुनेची नाही, तिने सांगितलं होतं. घरात पुरणपोळी होती."

कौमुदीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. अनिशभाईंचं पोट हललं. मी तिथे थांबलो असतो तर सगळं प्रतापसिंहरावांच्या मनासारखं झालं असतं. पण आता तोंड उघडलं होतं.

"एक मात्र ऐकलं," मी म्हणालो. "डोळा लागायच्या आधी. ते मठातले साधू दिवसभर बसून पोथ्या उतरवायचे. हाताने. आणि कुणी कुणी समासात लिहून ठेवायचे, शाई वाईट आहे, थंडी फार आहे, हात दुखतो. मी चौतीस वर्षं मीटरचे आकडे वहीत लिहिले साहेब, उन्हात, जिन्याखाली वाकून. माझाही हात दुखायचा. मला समासात लिहायचं सुचलं नाही एवढंच. हजार वर्षांपूर्वीचा तो माणूस मला कळला. बाकीचं मध्ययुग मी सुनेकडून पुन्हा ऐकून घेईन."

अनिशभाईंनी दुसरी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि चिठ्ठ्या सोडून विचारू लागले. नाटकं विचारली, रस्ते विचारले. मी सांगितले. छापखाना विचारला तेव्हा मी पंपाची हकीकत सांगितली, अकरा मुद्द्यांसकट, आणि त्यांनी तीनदा रुमालाने डोळे पुसले. कादंबऱ्यांचं विचारलं. मी म्हटलं, तिकडच्या बायका दार लावून वाचत बसायच्या आणि घरच्या पुरुषांना ते खपायचं नाही. का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुरुषांना वाटायचं की बायका बिघडतील. वाटायचं, हे म्हणताना माझी जीभ जरा अडखळली.

मग कौमुदीबाईंनी हातातला पेन खाली ठेवला. "शेवटचा प्रश्न सगळ्या श्रोत्यांना तोच असतो, मोहितेसाहेब. या वर्षभरात तुमचं एखादं मत बदललं का?"

खोली गार नव्हती, पंखा नुसताच फिरत होता. कोटाच्या आत घाम पाठीवरून खाली उतरला. काहीतरी गुळमुळीत सांगून सुटता आलं असतं. राजा नसला तरी गाव चालतं, असं म्हटलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती.

"मत बदललं नाही," मी म्हणालो. "आमच्या सुनेला डभोईच्या शाळेत नोकरी मिळायची आहे. तिने जाऊ नये असं मला गेल्या जूनमध्ये वाटत होतं. आजही वाटतं."

अनिशभाईंनी कौमुदीबाईंकडे पाहिलं.

"पण गेल्या जूनमध्ये मला वाटतं एवढ्यावर मी दार लावून घेतलं होतं. कारण कुणी विचारलं नाही, मी दिलं नाही. मध्यंतरी दुसऱ्या एका माणसाकडे मी भर सभेत कारण मागितलं. ते त्याच्याकडे नव्हतं. मग मी माझं शोधायला लागलो. प्रवास म्हणावा, तर सकाळी अर्धं डभोई बडोद्याला येतं आणि संध्याकाळी परत जातं. घर म्हणावं, तर आमची मंडळी धडधाकट आहे. घराण्याची अब्रू म्हणावी, तर मी जिन्याखाली कुत्री हाकलत नोकरी केली, तेव्हा घराण्याला काही झालं नाही. गेल्या जूनचं सापडलंच नाही. आजचं फार शोधून एकच सापडलं." मी कोटाचं वरचं बटण सोडलं. "ती गेली की चार वाजता मला कुणी काही सांगणार नाही. एवढंच आहे साहेब. आणि हे कारण माझं आहे, तिचं नाही. माझ्या कारणासाठी तिने घरी बसावं, हे मला कुणाला पटवून देता येणार नाही. स्वतःलाही नाही."

अनिशभाई पुढे वाकले. "तो काका, हवे शुं? वहु डभोई जशे के नहीं?"

"ते मला का विचारता?" मी म्हणालो. "ती मागे बसलीय. तिला विचारा."

"विद्यार्थ्याने बोलायचं नसतं," कौमुदीबाई म्हणाल्या. मग त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. नियम त्यांचाच होता. "दुर्गा, या एका प्रश्नाचं उत्तर दे."

मला मागे बघू नका असं सांगितलेलं होतं, तरी मी मान वळवली. घरात कुणीही काही विचारलं, भाजी कुठली करू इथपासून, तर दुर्गा उत्तराआधी एकदा समरजितकडे किंवा माझ्याकडे बघायची. इतकं सवयीचं की आमच्या ते कधी लक्षातही आलं नव्हतं. ती उभी राहिली. तिचे डोळे भरलेले होते, पण ते माझ्याकडे नव्हते. ती सरळ टेबलाकडे बघत होती.

"जाणार," ती म्हणाली.

मला आनंद झाला असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण त्याच वेळी मला तिचा इतका अभिमान वाटला की उठताना कोटाची बाही खुर्चीच्या हातालाच अडकली आणि ती सोडवायला अनिशभाईंना टेबलामागून यावं लागलं. त्यांनी बाही सोडवली, मला दारापर्यंत सोडलं आणि पुढच्या श्रोत्याला आत बोलावलं.